शेतकऱ्यांसाठी कौशल्य प्रशिक्षण आणि प्रौढ शिक्षण : कोणती योजना कोणासाठी, कुठे आणि कशी

शाळा सुटली की शिक्षण संपले, ही समजूत शेतीत टिकत नाही. बोंडअळी आपली सवय बदलते, बाजार नवीन प्रतवारी मागतो, फवारणीला ड्रोन येतो आणि कर्जाच्या अर्जासोबत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले जाते. वयाच्या तिशीत, चाळिशीत किंवा पन्नाशीत पुन्हा शिकावे लागते. त्यासाठी केंद्र व राज्य सरकारच्या अनेक योजना आहेत. मात्र त्या वेगवेगळ्या खात्यांकडे विखुरलेल्या आहेत. कृषी विज्ञान केंद्र कृषी संशोधन परिषदेच्या निधीवर चालते, आत्मा कृषी विभागाकडे आहे, कौशल्य विकास हे स्वतंत्र मंत्रालय आहे, आरसेटी बँकेकडे आणि साक्षरता शिक्षण विभागाकडे. त्यामुळे एका ठिकाणी नकार मिळाला की शेतकऱ्याला पुढची जागा कळत नाही.

या लेखात या सर्व वाटा एकत्र दिल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी काय शिकवतात, कोणाला घेतात, किती दिवस लागतात, हातात पडणाऱ्या कागदाचा उपयोग काय आणि कोण या सगळ्यातून बाहेर राहतो, हे क्रमाने पाहू.

धोरण कसे घडत गेले

महाराष्ट्रात प्रौढांना शिकवण्याचे काम जुने आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर नेण्यात आली. गावातील सर्व प्रौढ साक्षर झाले की गावाचा गौरव समारंभ होत असे. देशपातळीवर २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले.

शेतीच्या बाजूने देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशीतून ही कल्पना पुढे आली होती. शेतकऱ्याला वर्गात बसवून नव्हे, तर हाताने काम करवून शिकवायचे हा तिचा पाया होता. १९८० च्या दशकात राज्यात प्रशिक्षण व भेट योजना आली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावात कृषी कर्मचारी येणार, ही शिस्त त्या योजनेने लावली. पुढे २००५-०६ पासून आत्मा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, देशभर राबवली जाऊ लागली.

अलीकडच्या काळात दोन गोष्टी बदलल्या. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. त्यामुळे शेतीतील कामालाही पातळी, अभ्यासक्रम आणि परीक्षा मिळाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रौढ शिक्षण आणि निरंतर शिक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच धोरणाच्या आधारे २०२२ ते २०२७ या काळासाठी उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला.

एवढे होऊनही पोहोच हा मुद्दा राहिलाच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ मधील अभ्यासात देशातील सुमारे ४० टक्के शेतकरी कुटुंबांनीच शेतीची माहिती कुठल्या ना कुठल्या स्रोताकडून घेतल्याचे दिसले. त्यात सर्वाधिक वाटा शेजारच्या प्रगतिशील शेतकऱ्याचा होता (सुमारे १७ टक्के). त्याखालोखाल निविष्ठा विक्रेता आणि रेडिओ (प्रत्येकी सुमारे १३ टक्के) होते. कृषी विज्ञान केंद्राचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. ही आकडेवारी जुनी असली तरी तिने दाखवलेली गोष्ट आजही गावात दिसते. शेतकरी आधी शेजाऱ्याला विचारतो, मग दुकानदाराला. म्हणून पुढच्या योजनांमध्ये शेतीशाळेला आणि दुकानदाराच्या शिक्षणालाही महत्त्व आले.

गरजेनुसार कुठे जावे

• चालू हंगामातील पिकाची अडचण : शेतीशाळा, कृषी विज्ञान केंद्र, किसान कॉल सेंटर
• नवीन पीक किंवा जोडधंदा सुरू करायचा आहे : कृषी विज्ञान केंद्र, आत्मा, आरसेटी
• काम येते, पण कागद नाही : पूर्वज्ञान मान्यता (आरपीएल)
• शेती सांभाळून पदविका करायची आहे : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ
• लिहिता-वाचता येत नाही : उल्लास कार्यक्रम
• शाळा अर्धवट सुटली आहे, हाताचे काम शिकायचे आहे : जनशिक्षण संस्थान
• कृषी पदवी किंवा पदविका आहे, व्यवसाय करायचा आहे : ॲग्री क्लिनिक ॲग्री बिझनेस सेंटर योजना
• खत-बियाणे-औषधांचे दुकान आहे : देसी पदविका

शेतीशाळा

शेतीशाळेची पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील कीड व्यवस्थापनासाठी सुरू झाली. भातावर तपकिरी तुडतुड्यांचा मोठा उद्रेक झाला होता आणि जास्त फवारणीने मित्रकीटक मरून तो आणखी वाढत होता. त्यावर उपाय म्हणून शेतकऱ्यांना शेतातच निरीक्षण करायला शिकवले गेले. महाराष्ट्रात क्रॉपसॅप प्रकल्प आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (पोकरा) यांतून शेतीशाळा गावोगावी पोहोचल्या.

पद्धत अशी असते :

१. गावातील २५ ते ३० शेतकऱ्यांचा गट आणि एका यजमान शेतकऱ्याचा प्लॉट निवडतात. प्लॉटच्या एका भागात शिफारशीप्रमाणे आणि दुसऱ्या भागात नेहमीच्या पद्धतीने पीक घेतात.
२. पेरणीपूर्वीपासून काढणीपर्यंत पिकाच्या अवस्थेनुसार वर्ग होतात. त्यात बीजप्रक्रिया, उगवण चाचणी, कीड-रोग ओळख, अन्नद्रव्य, काढणी असे विषय येतात.
३. प्रत्येक वर्गात पाच-सहा जणांचे उपगट झाडे मोजतात. किडी किती, मित्रकीटक किती, ओलावा, तण, हवामान यांची नोंद करून तक्ता काढतात. यालाच कृषी परिसंस्था विश्लेषण म्हणतात.
४. तक्त्यावरून फवारणी करायची की थांबायचे, याचा निर्णय गट स्वतः घेतो.

कापसावरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरतात. सापळ्यात दोन-तीन पतंग दिसताच फवारणी केली तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च वाया जातो. हा आकडा घडीपत्रिकेवर वाचून विसरला जातो. सापळ्यातले पतंग आठ आठवडे स्वतः मोजलेला शेतकरी तो विसरत नाही.

शेतीशाळेला फी नाही. आपल्या गावात या हंगामात शेतीशाळा आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) पेरणीच्या आधीच विचारावे. मधल्या वर्गांना जाणे उपयोगी असले तरी पहिला वर्ग चुकला की बियाणे आणि बीजप्रक्रियेचा भाग हातून जातो.

कृषी विज्ञान केंद्र

राज्यात ५० कृषी विज्ञान केंद्रे आहेत. काही कृषी विद्यापीठांकडे, तर बरीचशी स्वयंसेवी संस्थांकडे आहेत. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील केंद्रांचे समन्वयन पुण्यातील अटारी संस्था करते. प्रत्येक केंद्रात प्रमुखासह विषय विशेषज्ञ असतात. पीक उत्पादन, उद्यानविद्या, पीक संरक्षण, पशुविज्ञान, गृहविज्ञान, मृदाविज्ञान, कृषी अभियांत्रिकी, विस्तार शिक्षण यांपैकी जिल्ह्याच्या गरजेनुसार विषय ठरतात.

केंद्रातील प्रशिक्षणे साधारण तीन प्रकारची असतात :

• एक ते पाच दिवसांची अल्पमुदतीची प्रशिक्षणे. हंगामाशी जोडलेली, बहुतेक मोफत.
• ग्रामीण युवकांसाठी व्यावसायिक प्रशिक्षणे. शेळीपालन, कुक्कुटपालन, अळिंबी, गांडूळ खत, रोपवाटिका, फळप्रक्रिया असे विषय असतात. काही केंद्रे यासाठी शुल्क घेतात.
• कौशल्य आराखड्यानुसार सुमारे २०० तासांची प्रशिक्षणे. रोज आठ तास धरले तर २५ दिवस लागतात. शेवटी बाहेरच्या परीक्षकाकडून मूल्यमापन होते.

३५ वर्षांखालील तरुणांना शेतीत टिकवण्यासाठी कृषी संशोधन परिषदेने २०१५-१६ मध्ये आर्या प्रकल्प सुरू केला. तो निवडक कृषी विज्ञान केंद्रांमार्फत चालतो. आपल्या जिल्ह्यातील केंद्रात तो आहे का, याची चौकशी करावी.

एक व्यावहारिक सूचना. कृषी विज्ञान केंद्राचा वार्षिक कृती आराखडा वर्ष सुरू होण्याआधी ठरतो. वैज्ञानिक सल्लागार समितीत शेतकरी प्रतिनिधी असतात. आपल्या भागाला हवा असलेला विषय आराखड्यात यावा असे वाटत असेल, तर गटाच्या किंवा उत्पादक कंपनीच्या नावाने लेखी मागणी आधीच द्यावी. पाऊस पडल्यावर केलेली मागणी पुढच्या वर्षावर जाते.

एकाच पिकावर सखोल शिकायचे असेल तर पीकनिहाय संस्था आहेत. मांजरीला द्राक्ष, राजगुरुनगरला कांदा-लसूण, सोलापूरला डाळिंब, नागपूरला लिंबूवर्गीय फळे आणि कापूस यांच्या राष्ट्रीय संशोधन संस्था आहेत. मधमाशीपालनासाठी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तळेगाव दाभाडे येथील हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये हरितगृहातील शेतीची प्रशिक्षणे होतात.

आत्मा

जिल्ह्यात आत्माचे प्रकल्प संचालक कार्यालय असते आणि तालुक्याला तालुका तंत्रज्ञान चमू असतो. प्रशिक्षण, प्रात्यक्षिक, अभ्यास दौरा, शेतकरी-शास्त्रज्ञ संवाद आणि शेतकरी गटांची बांधणी ही कामे आत्मामार्फत होतात. अभ्यास दौरे जिल्ह्यांतर्गत, राज्यांतर्गत आणि राज्याबाहेर असे असतात.

दोन तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३० टक्के निधी महिला शेतकरी व महिला विस्तार कार्यकर्त्यांसाठी वापरायचा असतो. दुसरी म्हणजे गाव आणि तालुका पातळीवरची गरज शेतकरी सल्लागार समितीने सांगायची असते. या समितीत कोण आहे हे बऱ्याच गावांत माहीत नसते. तालुका कृषी कार्यालयात नावे मिळतात.

ग्रामीण युवकांसाठीची सात दिवसांची कौशल्य प्रशिक्षणेही (स्ट्राय) आत्माशी जोडलेली आहेत. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यात घेतात. सात दिवसांत धंदा पूर्ण येत नाही, पण तो आपल्याला झेपेल की नाही हे नक्की कळते. शेळ्या घेण्याआधी सात दिवस गोठ्यात काम करून पाहिले, तर पुढचे कर्ज टळू शकते किंवा डोळसपणे घेता येते.

प्रमाणपत्र देणारी प्रशिक्षणे आणि पूर्वज्ञान मान्यता

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासह शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना व जनशिक्षण संस्थान यांचा एकत्रित स्किल इंडिया कार्यक्रम २०२६ पर्यंत मंजूर केला. त्यासाठी ८,८०० कोटी रुपयांची तरतूद आहे. शेतीशी संबंधित कामांचे अभ्यासक्रम भारतीय कृषी कौशल्य परिषद ठरवते. सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ, बियाणे उत्पादक, सेंद्रिय शेतकरी, हरितगृह चालक, ट्रॅक्टर चालक, दुग्ध व्यावसायिक, माळी, मधमाशीपालक, अळिंबी उत्पादक असे अनेक विषय आहेत.

यात दोन वाटा आहेत :

• अल्पमुदतीचे प्रशिक्षण : ज्याला काम येत नाही त्याच्यासाठी. वय १५ ते ४५.
• पूर्वज्ञान मान्यता (आरपीएल) : ज्याला काम येते पण प्रमाणपत्र नाही त्याच्यासाठी. वय १८ ते ५९. थोडक्या तासांची उजळणी होते आणि मग थेट मूल्यमापन.

ठिबक जोडणारा, द्राक्षाची छाटणी करणारा, कलमे बांधणारा, दूध संकलन केंद्रावर काम करणारा अशा कुशल माणसांना दुसऱ्या वाटेचा खरा उपयोग आहे. द्राक्ष पट्ट्यात छाटणीच्या टोळ्या गावोगाव फिरतात. त्यांचे कौशल्य पंधरा-वीस वर्षांचे असते, पण बँकेत किंवा कंपनीत दाखवायला कागद नसतो.

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट धरतात. त्या हिशेबाने २०० तासांचा अभ्यासक्रम साधारण साडेसहा क्रेडिटचा होतो. अभ्यासक्रम राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत असेल तरच हे क्रेडिट पुढच्या शिक्षणात जोडता येते. म्हणून प्रवेश घेताना अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक आणि पातळी विचारून घ्यावी.

मुक्त विद्यापीठ

नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या कृषी विज्ञान विद्याशाखेचे अभ्यासक्रम मराठीतून आहेत. माळी प्रशिक्षण, फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन, फुलशेती, कृषी व्यवसाय व्यवस्थापन अशा प्रमाणपत्र व पदविका पातळीच्या विषयांतून शेतकरी शिकत आले आहेत. घरी पुस्तक वाचायचे आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन प्रात्यक्षिक करायचे, अशी रचना असते. वयाची आडकाठी नसल्याने मुलगा आणि वडील एकाच वर्गात बसल्याची उदाहरणे गावाकडे नवीन नाहीत. पात्रता, शुल्क आणि चालू अभ्यासक्रम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावेत. प्रवेश घेण्याआधी जवळच्या अभ्यासकेंद्रावर प्रात्यक्षिके खरोखर होतात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे.

आरसेटी आणि जनशिक्षण संस्थान

आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर त्या उभ्या राहिल्या. साधारण प्रत्येक जिल्ह्यात एक आरसेटी असून ती बँक चालवते. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते. दुग्धव्यवसाय, शेळीपालन, कुक्कुटपालन, भाजीपाला रोपवाटिका अशा प्रशिक्षणांसोबत हिशेब, बाजारपेठ आणि कर्जप्रकरण तयार करणेही शिकवतात. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे हे संस्थेचे काम आहे. ज्याला बँकेकडून कर्ज घेऊन जोडधंदा करायचा आहे, त्याने ही वाट आधी पाहावी.

जनशिक्षण संस्थानांचे मूळ मुंबईत वरळी येथे १९६७ मध्ये सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठात आहे. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा अर्धवट सुटलेल्या १५ ते ४५ वयोगटातील लोकांसाठी ती आहेत. महिलांना प्राधान्य असते. शिवणकाम, अन्नप्रक्रिया यांसारखे विषय गावात जाऊन शिकवता येतात, हा त्यांचा फायदा आहे.

उल्लास : अक्षरओळखीपासून सुरुवात

औषधाच्या डब्यावरचे लेबल, खताच्या गोणीवरचे प्रमाण, पीकविम्याचा अर्ज, बँकेची पावती हे सर्व वाचता आले तरच बाकीचे प्रशिक्षण पदरात पडते. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी उल्लास कार्यक्रम आहे. पाच वर्षांसाठी १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद आहे. अक्षरज्ञान व अंकज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसाय कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे त्याचे पाच भाग आहेत. शिकवण्याचे काम स्वयंसेवक करतात. विद्यार्थी, शिक्षक, बचतगटातील शिकलेली सून, कोणीही स्वयंसेवक होऊ शकते.

शेवटी वाचन, लेखन आणि अंकज्ञान अशी प्रत्येकी ५० गुणांची, एकूण १५० गुणांची चाचणी होते. प्रत्येक भागात किमान ३३ टक्के गुण लागतात. नोंदणी गावच्या जिल्हा परिषद शाळेत होते. गोवा राज्याने याच कार्यक्रमाखाली मे २०२५ मध्ये पूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर केले.

विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत अंगठा लावणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवून ती शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यावी. नाव चारचौघांत पुकारू नये. बरेच जण लाजेपोटी पुढे येत नाहीत.

विशेष गटांसाठीच्या योजना

निविष्ठा विक्रेते : देसी ही ४८ आठवड्यांची पदविका हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये सुरू केली. आठवड्यातून एक दिवस वर्ग, एकूण ४० वर्ग आणि आठ शिवारभेटी अशी रचना आहे. त्यामुळे दुकान बंद ठेवावे लागत नाही. गावात सल्ला देणारा माणूस दुकानदारच असेल, तर त्याला शिकवल्याचा लाभ शेकडो शेतकऱ्यांना होतो. आपल्या दुकानदाराने देसी केले आहे का, हे शेतकऱ्याने अवश्य विचारावे.

कृषी पदवीधर व पदविकाधारक : ॲग्री क्लिनिक ॲग्री बिझनेस सेंटर योजना २००२ पासून आहे. ४५ दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण असते. त्यानंतर वैयक्तिक प्रकल्पाला २० लाख आणि गट प्रकल्पाला १ कोटी रुपयांपर्यंतच्या खर्चावर नाबार्डमार्फत अनुदान मिळू शकते. ते सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि डोंगरी भागातील उमेदवारांना ४४ टक्के आहे. कर्ज मंजूर करणे हा बँकेचा निर्णय असतो, हे ध्यानात ठेवावे.

ड्रोन : शेतीचा ड्रोन उडवण्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. वय १८ ते ६५ आणि दहावी उत्तीर्ण ही अट आहे. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. बचतगटांसाठीच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ दिवसांचे प्रशिक्षण आणि ड्रोन संचावर ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य आहे.

प्रमाणपत्राचा नेमका उपयोग

प्रमाणपत्र म्हणजे अनुदानाची हमी नव्हे. मात्र काही ठिकाणी ते नसेल तर अर्ज अडतो किंवा मागे पडतो :

• राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी किंवा कुक्कुट प्रकल्पासाठी अर्जदाराकडे प्रशिक्षण, अनुभव किंवा प्रशिक्षित माणूस असावा लागतो.
• सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान) उद्योजकता प्रशिक्षण हा योजनेचाच भाग आहे.
• बँकेत कर्जप्रकरण करताना प्रशिक्षणाचा कागद प्रकल्प अहवालाला बळ देतो.

उपस्थितीचे पत्र आणि मूल्यमापनानंतरचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिवसाच्या मेळाव्याचे पत्र प्रकल्पाला जोडून उपयोग होत नाही. पैसे घेऊन सरकारी प्रमाणपत्र मिळवून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

या सगळ्यातून कोण बाहेर राहतो

फवारणी करणारा मजूर : २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर सुरक्षित फवारणीची मोहीम राज्यभर झाली. तरीही प्रशिक्षणाची यादी बहुतेक वेळा सातबारावरून होते. पंप पाठीवर घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून ज्याला धोका आहे तोच वर्गात नसतो. त्याला वर्गाला पाठवले तर एक दिवसाची मजुरी बुडते. ती कोण देणार, हा प्रश्न योजनेच्या कागदावर नसतो.

शेतकऱ्याने आपल्या नेहमीच्या मजुराला शेतीशाळेच्या फवारणी वर्गाला पाठवून त्या दिवसाची मजुरी द्यावी. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण उतरत्या विषारीपणाचे आहेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, फवारताना तंबाखू-बिडी नको, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, विषबाधा झाली तर डबा किंवा लेबल डॉक्टरांकडे सोबत न्यावे, एवढे त्याला त्या दिवशी नक्की कळते. एका मजुरीच्या बदल्यात हा सौदा स्वस्त आहे.

महिला : निंदणी, वेचणी, बियाणे निवड, जनावरांचे चारा-पाणी ही कामे बाईच्या हातची असतात. कृषी गणना २०१५-१६ नुसार देशात वहितीधारकांमध्ये महिलांचे प्रमाण मात्र सुमारे १४ टक्केच आहे. पत्र नवऱ्याच्या नावाने येते आणि बीजप्रक्रियेच्या वर्गाला तोच जातो. वर्गाची वेळ हीसुद्धा अडचण आहे. सकाळी दहाला तालुक्याला पोहोचणे तिला जमत नाही. दुपारी दोन ते चार या वेळेत गावातल्याच अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात वर्ग ठेवला की उपस्थिती वाढते.

भूमिहीन व खंडाने शेती करणारे : राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे आणि तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. पण आरसेटी, जनशिक्षण संस्थान, कौशल्य विकास योजना आणि उल्लास यांना सातबारा लागत नाही. एका दारात नकार मिळाला तर या दारांवर जावे.

नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रे

आधार कार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते, मोबाइल क्रमांक, दोन छायाचित्रे, शाळा सोडल्याचा दाखला किंवा शेवटची गुणपत्रिका. आवश्यक तिथे जातीचा दाखला, रेशन कार्ड आणि शेतकरी ओळख क्रमांक. आधार आणि दाखल्यावरचे नाव वेगळे असेल तर आधी दुरुस्त करून घ्यावे. परीक्षेनंतर प्रमाणपत्र अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• गावाची प्रशिक्षण गरज यादी मार्चपूर्वी करा. तीत सातबाराधारक, महिला, मजूर आणि युवक असे चार रकाने ठेवा.
• एकाच माणसाचे नाव प्रत्येक प्रशिक्षणात येत असेल तर यादी पुन्हा तपासा.
• प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी एकदा शिवारात जा. शिकवलेल्यापैकी कोणती एक गोष्ट केली, एवढेच विचारा आणि नोंदवा.
• विषय आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर थेट कृषी विज्ञान केंद्र, आरसेटी किंवा शाळेचे नाव आणि वार सांगून पाठवा. नुसते “चौकशी करा” म्हणू नका.
• स्वतःच्या प्रशिक्षणासाठी नागपूरची वनामती आणि विभागीय रामेती संस्थांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वय पन्नासच्या पुढे आहे, प्रशिक्षण मिळेल का?
होय. शेतीशाळा, कृषी विज्ञान केंद्राची अल्पमुदतीची प्रशिक्षणे, मुक्त विद्यापीठ आणि उल्लास यांना वयाची वरची मर्यादा आड येत नाही. पूर्वज्ञान मान्यता ५९ वर्षांपर्यंत आहे.

घरबसल्या प्रश्न विचारायचा असेल तर?
किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो. ही सेवा जानेवारी २००४ पासून आहे. मात्र रोगट पान प्रत्यक्ष दाखवण्याची गरज असेल तर कृषी विज्ञान केंद्र गाठावे.

आधी कर्ज काढावे की आधी प्रशिक्षण घ्यावे?
आधी प्रशिक्षण. जनावरे दारात आल्यावर शिकायला सवड मिळत नाही आणि पहिल्याच वर्षी होणारी मरतूक हप्त्यावर येते.

शिकलेले शेतात उतरले का, हे कसे ओळखावे?
वहीवरून. फवारण्यांची संख्या, खताचा खर्च, उत्पादन आणि विक्रीचा दर एका हंगामापुरते लिहून ठेवा. पुढच्या हंगामात तीच वही उघडा. एखादी फवारणी कमी झाली असेल किंवा एखादी गोणी वाचली असेल, तर वर्गात घालवलेला वेळ वसूल झाला.